मुल्हेरचे मांडे

मुल्हेरहून परत आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका घाटावर, देवळात, गाठतील तिथं एकच विचारतात: राजवाडा पाहिलात का आणि मांडे खाल्लेत का? दोन्ही झालं. राजवाड्याची जोती पाहिली आणि मांडेही खाल्ले. एवढं सांगून मी गप्प बसते, म्हणून त्यांना वाटतं की बाईला प्रवासानं शिष्टपणा आला. शिष्टपणा माझ्यात पहिल्यापासून आहे, त्यासाठी मुल्हेरला जावं लागलं नाही. गप्प बसण्याचं कारण वेगळं आहे आणि ते घाटावर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते.

जायचं कारण दुहेरी होतं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत इतिहास शिकवतात. बागलाणातलं मुल्हेर ही बागूल राजांची राजधानी. तिथं राजे नांदले, मोगलांच्या फौजा वेढा घालून बसल्या, मग मराठे आले, शेवटी इंग्रज आले, हे सगळं ते वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले. पण आपल्याच जिल्ह्यातली ती जागा त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. दुसरं कारण माझी भाची मंजुळा.

माझ्या दादाचं भांडीबाजारात तांब्यापितळेचं दुकान आहे. मंजुळा त्याची थोरली. सोळा सरून सतरावं लागलेलं, रंग सावळा, आणि बोलणं माझ्यावर गेलेलं, त्यामुळे स्थळं येत आणि जात. शेवटी विठूभाऊंनी मुल्हेरचं स्थळ आणलं. विठूभाऊ हे आमच्यातले लग्नं जुळवणारे गृहस्थ. मुलगा काशिनाथ, तिशीतला. भुसार मालाचं दुकान, शेती, आई कर्ती. "बिजवर आहे, पण पहिली वारली. मागं मूलबाळ नाही. घर अगदी मोकळं आहे," विठूभाऊ म्हणाले. हुंड्याची अट नाही म्हटल्यावर दादानं मनातल्या मनात होकार देऊन टाकला. वहिनीनं मात्र मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वन्सं, बाईचं घर बाईनंच पाहावं. तुम्ही गड बघायला म्हणून जा आणि घर बघून या. तुम्ही हो म्हणालात तर माझं हो."

एवढा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. मी जरा फुगलेच.

ताहाराबादहून पुढे

मार्गशीर्षातल्या थंडीत आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. भाबडबारीच्या चढावर मोटार तापली आणि वाफा टाकत उभी राहिली. ड्रायव्हरनं उतारूंच्या तांब्यांतलं पाणी मागून घेतलं. माझा नाशिकचा गोदावरीचा तांब्याही त्यात रिकामा झाला. मास्तर म्हणाले, "मोटारीला तीर्थ मिळालं, आता ती थेट स्वर्गात जाईल." खालची दरी बघता ते थोडक्यात टळलं म्हणायचं.

ताहाराबादला कादरभाई दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, घेऊन उभे होते. मुल्हेरचेच. पांढरी दाढी, अंगावर जुनी घोंगडी. जुन्या फौजेतला कुणीतरी पूर्वज गडावर चाकरीला आला आणि मागं राहिला, असं त्यांनी आपल्या अहिराणीत आपणहून सांगितलं. "फौज गयी, राजा गया. आम्ही राहिनूत बैल हाकाले."

काशिनाथशेठकडे उतरायचं आहे म्हटल्यावर ते खुलले. "मंग मांडा खाईसनच या, माय. जमनाबाईना हातना मांडा अख्खा बागलाणमा नही."

"जमनाबाई कोण?" मी विचारलं.

कादरभाईंनी उगाचच बैलाची शेपटी पिळली. "शे एक घरमा."

"आणि शेठची पहिली बायको? ती कशानं गेली?"

"मी गाडीवाला, माय. घरनं मले काय मालूम?" एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं, ते गाव येईपर्यंत. मला वाटलं, माणूस थकला असेल.

मुल्हेर गाव

डोंगरांच्या कुशीत मोसम नदीकाठी गाव आहे. राजधानी म्हटल्यावर मी मनात बरेच मांडे खाल्ले होते. प्रत्यक्षात रुंद रस्त्यांच्या कडेला पडकी जोती, त्यांवर उगवलेलं बाभळीचं रान आणि मधूनमधून राहती घरं. कुणाच्या गोठ्याच्या पायरीला कोरीव दगड लागलेला, कुणाच्या धुण्याच्या दगडावर कमळ. मास्तर दर दोन पावलांवर हळहळत होते.

काशिनाथचं घर मात्र धडधाकट होतं. त्याची आई सीताबाई दारात पाय धुवायला ऊन पाणी घेऊन उभी. विधवा बाई, बांधा भक्कम, बोलणं साखरेत घोळलेलं. काशिनाथही बरा वाटला. हळू बोलणारा, मास्तरांना वाकून नमस्कार करणारा. मी मनात एकेक खूण करत होते: विहीर अंगणात, म्हणजे पाण्याला लांब जायला नको, धान्याच्या कणग्या भरलेल्या, गोठ्यात दुभतं.

रात्रीच्या जेवणाला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ. भाकरी जाड, खरपूस, आणि वर कच्च्या तेलाची धार. वांग्याचं भरीत हिरव्या मिरच्यांसकट लाकडी बडगीत ठेचलेलं. नाशिकला आम्ही भरतात दही घालून त्याला शहाणं करतो. इथलं भरीत तसंच रांगडं ठेवतात आणि ते फार चांगलं लागतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं तरी मी हात आखडला नाही.

वाढत होती ती जमना. वय तिशीच्या आतबाहेर, वाळलेली, कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे डाग. मी तिच्याकडे बघते आहे हे पाहून सीताबाई म्हणाली, "आमनी लांबना नातानी शे. नवराने टाकी देयेल. कोठे जाई बिचारी? ठेवी लिधी."

टाकलेल्या बाईला आसरा देणारं घर आहे, असं म्हणून मी ती खूणही चांगल्याच बाजूला केली.

गड आणि खापर

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथनं आम्हाला गडावर नेलं. वाट झाडीतून चढते, मग दरवाजे लागतात, मग माची. माचीवर एक अख्खं शहर जमीनदोस्त होऊन पडलं आहे. राजवाड्याच्या जागी चौथरे आणि त्यांवर कमरेइतकं वाळकं गवत. महादेवाचं देऊळ उभं आहे, तळ्यात हिरवा गाळ आहे, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येऊ नये. मास्तरांनी राजसभेची जागा म्हणून एका चौथऱ्यावर उभं राहून बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. "काहीच उरलं नाही गं," म्हणाले. वर्गात इतकी वर्षं भरवलेला दरबार त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला असावा. मला त्यांची कीव आली.

उतरताना काशिनाथ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आत्याबाई, घरात सगळं आहे. एक मूल पाहिजे, बाकी काही नको." मला ते बोलणं तेव्हा साधं वाटलं.

घरी आलो तेव्हा अंगणाच्या कडेला चूल पेटली होती आणि तिच्यावर खापर पालथं घातलं होतं. खापर म्हणजे मातीचं मोठं मडकंच, बूड वर करून तापवलेलं. जमना पहाटेपासून कणीक पाण्याखाली भिजवून तिंबत होती. तिनं पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, थापटला, आणि मग या हातावरून त्या हातावर झेलायला लागली. गोळा पसरत पसरत तिच्या कोपरांपर्यंत आला, इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी. मग दोन्ही हात एकदम खापरावर नेऊन तिनं तो अलगद सोडला. हातांच्या कडा खापराला लागल्याच.

"भाजत नाही?" मी विचारलं.

"भाजस ना, माय. पण मांडाले कळू देवानं नही." ती पहिल्यांदा हसली. एकही मांडा फाटला नाही.

पुरुष आधी जेवले. मास्तर आणि काशिनाथ शेजारी शेजारी पाटांवर. मांड्याची घडी, वर तूप, वाटीत दूध, बाजूला झणझणीत सार. मास्तर गडावरचं दुःख विसरले आणि तीन वेळा "वाहवा" म्हणाले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडे बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. मीही लग्न झाल्यापासून तशीच जेवत आले. चांगला नवरा असला तर तो ताटात काही मागं ठेवतो; आमचे मास्तर वाटीखाली काहीतरी दडवतात आणि मला सापडेपर्यंत ओसरीवर कान देऊन बसतात. पण ते ताट बायकोचंच. आई नाही बसत त्यावर, बहीण नाही, स्वयंपाकीण तर मुळीच नाही.

पुरुष उठल्यावर सीताबाई म्हणाली, "माय, तुमी तुमना मालकना ताटवर बठा." मी बसले. वाटीखाली अर्धा मांडा निघाला. तेवढ्यात जमना आली. सबंध सकाळ धुरात काढून तिचे डोळे लाल झाले होते. तिनं पदराला हात पुसले, काशिनाथचं ताट स्वतःकडे ओढलं, मांडी घातली, आणि त्यात उरलेल्या कडांचा घास मोडला. काही चोरून नाही, घाईनं नाही. रोज करावं तसं.

"जमने!"

सीताबाईच्या हातातली तुपाची बुधली तिरपी झाली होती. जमनानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घास हातात घेऊन उभी राहिली.

"येडी शे," सीताबाई हसून म्हणाली. "भूक लागनी का काहीच दिसत नही तिले. खा माय, तुमी खा."

मी खाल्लं. काय खाल्लं ते मला आठवत नाही. ती काशिनाथची बायको होती. विठूभाऊंनी वारली म्हणून सांगितलेली, ती माझ्या समोर उभी होती आणि तिच्या हातचा मांडा माझ्या तोंडात होता.

हात धुवायला परसात गेले तेव्हा ती राखेनं भांडी घासत बसलेली. मी खाली बसले. "जमना, काशिनाथ तुझा कोण?"

तिनं वर पाहिलं नाही. "मी मरेल नही, माय. जित्ती शे. पोर व्हयनं नही, एवढंच." थोड्या वेळानं म्हणाली, "आज हात चुकना. इतला वरीसनी सवय. सासू बोलेल व्हती, पाव्हणा जाईपावत येगळं ताट ले."

"आमच्या मंजुळेला इथं द्यायची, हे तुला ठाऊक आहे?"

"हा. येऊ द्या तिले." आता तिनं माझा हात धरला. "मी तिले बहीणसारखी ठेवसू. खापरना काम मीच करसू. पण तुमी नको म्हणू नका. नातं मोडनं ना, तर या जमनामुळे मोडनं म्हणतीन. मंग मले जगू देतीन नही."

मुलगी द्यावी म्हणून ती विनवत होती आणि मुलगी देता कामा नये हे तिच्याकडे बघूनच मला कळत होतं. "मी तुझं नाव काढणार नाही," एवढं मी म्हणाले. त्यात तिचा काही फायदा नव्हता, कारण सीताबाईनं सगळं पाहिलेलंच होतं.

संध्याकाळी काशिनाथ आम्हाला नदीकाठच्या देवळात आरतीला घेऊन गेला. मला जायचं नव्हतं. पण पाहुण्यानं देवाला नाही कसं म्हणावं? आम्ही बराच वेळ घंटा वाजवल्या. परत आलो तेव्हा वाढायला सीताबाई होती.

देवळातून येताना काशिनाथ पुढं चालत होता, तेव्हाच मी मास्तरांच्या कानावर सगळं घातलं होतं. ते म्हणाले, "उद्या उजाडताच निघू."

"आणि तिचं काय?"

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

सकाळी दमणी दारात आली. सीताबाईनं फडक्यात बांधलेले मांडे माझ्या हातात दिले. "पोरले द्या. म्हणा, सासूने धाडेल शेतस."

"जमनाला भेटते आणि निघते," मी म्हणाले.

"हात भाजी गया तिना. ताप येयेल शे. झोपू द्या."

मी मागच्या खोलीकडे गेले. दाराला बाहेरून कडी होती. मी कडीला हात घालणार तोच काशिनाथ मधे आला, दोन्ही हात जोडून, मान वाकवून. "आत्याबाई, गाडी खोळंबली आहे." इतक्या नम्रपणे कुणी माझी वाट अडवली नव्हती. मी दाराशी तोंड नेऊन तिला हाक मारली. आतून कण्हल्यासारखं काही आलं. मास्तरांनी माझा दंड धरला आणि आम्ही निघालो.

गाव मागं पडल्यावर कादरभाई बैलांकडे बघतच बोलले. "काल सांजले मी लाकडं टाकाले गयथू. खापर चूलवरच व्हतं. म्हातारीने तिना दोन्ही हात धरी ठेवात त्यावर. लय आरडनी, मंग आवाज बंद व्हयना."

"आणि तुम्ही?"

"मना चार पोरं त्यासनाच लाकडंवर जगतस, माय." घोंगडीनं त्यांनी तोंड पुसलं. आम्ही देवळात घंटा वाजवत होतो त्याच वेळी हे झालं होतं. ताहाराबाद येईपर्यंत मी मास्तरांकडे पाहू शकले नाही.

नाशिक

घरी दादा, वहिनी, मंजुळा वाट बघत बसलेले. दादानं आधी फडकं सोडलं. मांडे जाड होते, फाटलेले, पुरण बाहेर येऊन करपलेलं. "हेच का ते नावाजलेले?" तो हसला.

मी सगळं सांगितलं. मंजुळा दारात उभी होती. वहिनीनं तिला आत जा म्हटलं, मी म्हटलं राहू दे.

दादा फडकं पुन्हा बांधत म्हणाला, "मूल होत नसलं तर माणूस दुसरी करतोच. त्यात गुन्हा काय?"

"दुसरी करतो म्हणून सांगून करतो. जितीला मेली म्हणत नाही. आणि मूल नाही झालं तर आपल्या मंजुळेचे हात कोण धरील खापरावर, ते मी आता बघून आले आहे."

"बाबा, मी जाणार नाही," मंजुळा म्हणाली. मग मला विचारलं, "पण आत्या, आपण नाही म्हटलं तर तिला काय करतील?"

नकाराचं कारण नाडी जुळत नाही असं कळवायचं ठरलं, पण पत्रिका जुळल्याचं दादा आधीच कळवून बसला होता. त्यांना खरं कारण कळणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नकार गेला. मास्तरांनी सटाण्याच्या एका ओळखीच्या वकिलाला विचारून पाहिलं. त्याचं म्हणणं, चुलीवर भाजलेली बाई स्वतः तक्रार करत नाही तोवर कुणी काही करू शकत नाही. कादरभाई साक्ष देणार नव्हते. ते मांडे कुणी खाल्ले नाहीत.

त्या दिवसापासून मी वेगळं ताट घेते. मास्तरांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. आपलं जेवण सुरू करण्याआधी ते पहिला घास माझ्या ताटात ठेवून जातात.

पाडव्याच्या दिवशी मी दादाकडे होते. विठूभाऊ अवचित आले, सणाचा दिवस म्हणून दादानं त्यांना जेवायला बसवलं. मी वाढत होते. पुरणपोळीवर तुसडेपणानं तूप घातलं तरी ते खुशीत होते. दुसरी पोळी मोडता मोडता म्हणाले, "ताई, मुल्हेरचं स्थळ अजून मोकळं आहे बरं का. तुमची अडचण मला तेव्हाच कळली होती. आता ती राहिली नाही. माघातच वारली ती, हात चिघळून ताप चढला म्हणे. मी काही खोटं बोललो नव्हतो. जरा आधी बोललो, एवढंच."

जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, हे मला आईनं लहानपणी मार देऊन शिकवलं होतं. मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं. त्यांचा हात घासासकट हवेतच राहिला. दादानं किंवा वहिनीनं मला अडवलं नाही. मंजुळानं खुंटीवरची त्यांची टोपी काढून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

ते गेल्यावर मी ताट घेऊन परसात उभी होते. अर्धी पोळी उरली होती. सणाचं अन्न गाईला घालायचं असतं. मी ते गाईलाही घातलं नाही, चुलीत टाकलं.